हिंगणीहून पावसातल्या शहरांकडे

हिंगणी हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले, बोर धरणाच्या वाटेवरचे गाव. वाघ पाहायला येणारी मंडळी याच गावावरून पुढे जंगलाच्या प्रवेशद्वाराकडे जातात. बोर अभयारण्य १९७० साली घोषित झाले आणि २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे १३८ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी आहे. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी बंद राहते आणि गाईड, जिप्सीचालक, चहा-नाश्त्याची दुकाने यांचा हंगाम थांबतो. शेतात याच दिवसांत डवरणी, निंदण आणि फवारणी चालू असते, त्यामुळे गावातला प्रत्येक माणूस मोकळा होतो असे नाही. पण ज्याचे वर्ष जंगलाच्या कामावर उभे आहे, त्याच्यासाठी प्रवासाचे दिवस हेच. वर्षभर दुसऱ्यांना हिंडवणाऱ्या माणसाला स्वतः हिंडायला मिळते ते नेमके पावसात.

गाईडचे निम्मे काम थांबण्याचे असते. पाणवठ्याजवळ गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचे, चितळाचा किंवा वानराचा इशारा कुठल्या अंगाने आला ते ऐकायचे आणि मग पुढची वाट धरायची. घाई केली तर हाती काही लागत नाही. पावसाळी प्रवासाला हीच सवय लागते. कोरड्या दिवसांतला प्रवासी घड्याळ पाहून निघतो. पावसाळ्यातल्या प्रवाशाला आभाळ, समुद्राची भरती आणि नदीची पातळी पाहून निघावे लागते. आडोशाला अर्धा तास उभे राहणे हाही प्रवासच आहे, हे ज्याला पटले त्यालाच पावसातले शहर नीट दिसते.

हिंगणीहून एसटीने सेलू आणि सेलूहून वर्धा असा पहिला टप्पा. वर्धा हे मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई या दोन मोठ्या मार्गांच्या सांध्यावरचे स्थानक आहे, म्हणून लहानशा गावातून निघालेल्या माणसालाही चारही दिशा खुल्या असतात. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. वऱ्हाडातला आणि वर्ध्याच्या खोऱ्यातला कापूस मुंबई बंदरात नेणे हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. आज त्याच रुळांवरून माणसे जातात ती वेगळ्या कामांना: परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीला निघालेला रुग्ण आणि त्याचा भाऊ, मंत्रालयात अडकलेल्या प्रकरणाची फाईल छातीशी धरून बसलेला शिक्षक, पहिल्या मुलाखतीला निघालेली मुलगी. विदर्भातल्या माणसाच्या अंगवळणी रात्रीची गाडी पडली ती अशा कामांमुळे. हौशीचा प्रवास करणाऱ्यानेही ही रीत याच माणसांकडून उचलावी, कारण कमी सामानात, कमी पैशात आणि कमी झोपेत कसे जायचे हे त्यांना ठाऊक असते.

वर्ध्याहून मुंबईला रात्रभराच्या दोन गाड्या वर्षानुवर्षे लोकांच्या तोंडी आहेत, विदर्भ एक्सप्रेस आणि सेवाग्राम एक्सप्रेस. अंतर साडेसातशे किलोमीटरहून थोडे जास्त. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी वर्धा सोडते आणि सकाळी मुंबईत पोहोचते, म्हणून कामाला जाणारा तीच धरतो. दिवस हाती राहतो आणि एका रात्रीचे मुक्कामाचे पैसे वाचतात. सेवाग्राम एक्सप्रेस रात्री उशिरा निघते आणि दुपारच्या सुमाराला पोहोचते. पावसाळ्यात हिंडायला निघालेल्याने मात्र हीच गाडी निवडावी. कारण सरळ आहे. विदर्भ एक्सप्रेस कसारा घाट अंधारात उतरते, सेवाग्राम उजेडात. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी ते कसारा हा टप्पा झोपेत घालवणे म्हणजे तिकिटाचा सर्वांत मोलाचा भाग सोडून देणे. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. २०२४ च्या नोव्हेंबरपूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. पावसाळ्यात सणांचे दिवस वगळले तर जागा मिळायला फार अडचण येत नाही, पण गणपतीच्या आगेमागे मुंबईच्या गाडीची आशा आयत्या वेळी धरू नये.

सॅक भरण्याचे शास्त्र पावसात वेगळे होते. बाजारात मिळणारे रेनकव्हर सॅकच्या बाहेरच्या अंगावर बसते, पाठीकडची बाजू उघडीच राहते. मुसळधार पावसात मानेवरून ओघळलेले पाणी याच बाजूने आत झिरपते आणि सॅकच्या तळाशी साचते. कव्हर घातलेले असल्याने ते बाहेरही पडत नाही. उपाय आतून करायचा. खताच्या पोत्यात आतून येणारी जाड पन्नी धुऊन, वाळवून सॅकमध्ये आधी बसवायची, कपडे त्या पन्नीत भरायचे आणि तोंड पिळून दुमडायचे. शेतात पाऊस आला की तेच पोते दुमडून डोक्यावर घेणाऱ्या माणसाला ही युक्ती सांगावी लागत नाही. आधारकार्ड, पैसे, औषधे आणि फोनचा चार्जर यांची दुसरी लहान पिशवी गळ्यात किंवा कमरेला असावी, सॅकमध्ये नको.

कपड्यांबाबत एक गोष्ट कापसाच्या मुलखातल्या माणसाला जड जाते, पण ती खरी आहे. मुंबईच्या जुलैतल्या दमट हवेत सुती सदरा दोन दिवस वाळत नाही, जाड जीन्स तर तिसऱ्या दिवशीही ओलसर राहते आणि वास मारू लागते. पातळ कृत्रिम धाग्याचे कपडे पंख्याखाली एका रात्रीत वाळतात. म्हणून अंगावर एक, सॅकमध्ये दोन आणि झोपण्यासाठी एक सुती जोड इतके पुरते. सुती जोड पन्नीतून फक्त रात्री निघतो आणि सकाळी परत पन्नीत जातो. दिवसभर कितीही भिजले तरी रात्री कोरड्या कपड्यात झोपायला मिळणे ही पावसाळी प्रवासातली सर्वांत मोठी चैन आहे. पायात चामड्याचा बूट नको. पट्ट्याची रबरी सँडल घालावी आणि बोटांच्या बेचक्या रोज रात्री कोरड्या करून पावडर लावावी. शिदोरी म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे दोन दिवस बिनघोर टिकते. पोळी-भाजी मात्र पहिल्या रात्रीच संपवावी.

स्लीपरच्या डब्यात पावसाळ्यापुरती बर्थची पसंती उलटी होते. खिडकीजवळचा खालचा बर्थ एरवी सर्वांना हवा असतो, पण झड लागली की पत्र्याची खिडकी पूर्ण लावूनही फटीतून पाणी येते आणि पहाटेपर्यंत पायथ्याची चादर ओली होते. बर्थखालची जागाही सुरक्षित नसते. दाराकडून आणि बेसिनकडून आलेले पाणी गाडीच्या हेलकाव्यासरशी डब्यात फिरते आणि खाली ठेवलेल्या सॅकचा तळ भिजवते. सगळ्यात वरचा बर्थ घ्यावा, सॅक उशाला घ्यावी, सँडल पिशवीत घालून पंख्याच्या जाळीजवळ ठेवावी.

गाडी सुटल्यावर पुलगावजवळ वर्धा नदी येते. माणूस संध्याकाळच्या गाडीत असेल तर त्याला ही नदी उजेडात पाहता येते, आणि जुलैअखेरीस तिचे गढूळ, काठ खात चाललेले पाणी पाहिले की विदर्भात पाऊस कसा झाला आहे ते कळते. पुढे धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणारी मंडळी उतरतात आणि डबा एकदम शांत होतो. मलकापूर, भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, मनमाड ही स्थानके बहुतेकांच्या झोपेत जातात. पण ज्याला झोप लागत नाही त्याने दारात न जाता, खिडकीतून फलाटाकडे पाहत राहावे. एकाच रात्रीत महाराष्ट्राच्या पावसाचा नकाशा तिथे उलगडतो.

वर्ध्याला वर्षभरात साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे. पश्चिमेकडे जाताना तो कमी होत जातो. अकोल्याकडे साडेसातशे-आठशे, मनमाडच्या आसपास त्याहूनही कमी, कारण हा सह्याद्रीच्या पाठीमागचा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्ध्याला छत्री उघडून गाडीत चढलेला माणूस मध्यरात्रीनंतर मनमाडला उतरला तर फलाट कोरडा सापडण्याची शक्यता बरीच असते. नाशिक रोडनंतर चित्र बदलू लागते. इगतपुरीला पोहोचेपर्यंत हवाच वेगळी होते. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो आलेला असतो अरबी समुद्रावरून. म्हणजे एका झोपेच्या अंतरात माणूस एका समुद्राच्या पावसातून निघून, कोरडा पट्टा ओलांडून, दुसऱ्या समुद्राच्या पावसात शिरतो. शाळेच्या भूगोलात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दोन शाखा पाठ केलेल्या असतात, त्या या गाडीत अंगाला लागतात.

इगतपुरी ते कसारा हा थळ घाटाचा टप्पा. हा घाटमार्ग १८६५ साली सुरू झाला. चढ ३७ ला १, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर. त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावावी लागतात, आणि मुंबईकडे उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक इगतपुरीला तपासले जातात. उतरताना गाडी हळू चालते. बोगद्यातून बाहेर पडावे तर समोर ढग, ढग सरावा तर खाली दरी, आणि काळ्या कातळावरून इतके ओहोळ सुटलेले की त्यांतला धबधबा कोणता म्हणावा हा प्रश्न पडावा. इथे दारात उभे राहण्याचा मोह होतो आणि तो टाळलाच पाहिजे. ओली पायरी, ओली दांडी आणि बोगद्याची जवळ आलेली भिंत यांच्यासमोर अनुभवी माणसाचाही हात निसटतो.

ही गाडी सुखरूप उतरते ती काही माणसांच्या कामामुळे, आणि प्रवाशाला ती बहुधा दिसत नाहीत. पावसाळ्याआधी घाटात हिल गँगचे कामगार दोराच्या आधाराने कड्यावर चढून सुटे झालेले दगड हेरतात आणि पाडून टाकतात. पाऊस सुरू झाला की रात्रीची गस्त सुरू होते. अंगावर रेनकोट, हातात दिवा, पिशवीत शिटी आणि रुळावर लावायचे फटाके घेऊन गस्तवाला आपल्या वाट्याचा पट्टा चालतो. दरड आली, खडी वाहून गेली किंवा झाड पडले तर तो रुळावर फटाके लावतो. इंजिनाचे चाक त्यावरून गेले की आवाज होतो आणि चालकाला थांबण्याचा इशारा मिळतो. पट्ट्याच्या टोकाला शेजारचा गस्तवाला भेटतो, दोघे आपापल्या वह्यांची अदलाबदल करतात आणि परत फिरतात. त्या वहीवरून दोघेही खरोखर शेवटपर्यंत चालले हे सिद्ध होते. आता त्यांच्याकडे जीपीएसचे यंत्रही असते. जंगलात रात्रीची गस्त घालणाऱ्या वनरक्षकाचे काम ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या माणसाच्या चालण्याची किंमत लगेच कळेल. वरच्या बर्थवर पांघरूण ओढून घेताना त्याची आठवण ठेवणे हे किमान कर्तव्य आहे.

धोका खोटा नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी पहाटेनंतर नागपूरहून मुंबईला येणारी दुरांतो एक्सप्रेस आसनगाव आणि वाशिंद यांच्या दरम्यान, पावसाने रुळावर आलेल्या मातीमुळे घसरली. चालकाने वेळीच ब्रेक लावल्याने जीवितहानी टळली. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. २०२१ च्या जुलैत उंबरमाळी–कसारा परिसरात रूळच पाण्याखाली गेले. म्हणून पावसाळ्यात मुंबईला जाताना पोहोचण्याचा दिवस आणि कामाचा दिवस एकच ठेवू नये. एक दिवस हातचा असावा, आणि सॅकमध्ये एका जेवणाइतके खाणे व दोन बाटल्या पाणी असावे, गाडी मध्येच तासन्‌तास उभी राहिली तर ते उपयोगी पडते.

घाट उतरल्यावर उजव्या-डाव्या बाजूला जे डोंगर आणि ओढे दिसतात, त्यांचाच पुढे मुंबईच्या नळांशी संबंध आहे. शहराला पाणी देणारे सात तलाव म्हणजे विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा. पहिले दोन शहराच्या हद्दीत, बाकीचे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. खिडकीतून दिसणारा हा पाऊस शहाण्णव-सत्त्याण्णव टक्के भरलेल्या तलावांच्या बातमीत रूपांतरित होतो आणि मुंबईकर सुटकेचा निःश्वास टाकतो. रस्त्यात तुंबलेले पाणी त्याच पावसाचे दुसरे रूप आहे. शहराला दोन्ही एकदम पेलावी लागतात.

मुंबईत उतरल्यावर पहिले काम सॅक ठेवण्याचे. स्थानकावरच्या अमानती सामानगृहात कुलूप नसलेले सामान घेत नाहीत, त्यामुळे सॅकच्या दोन्ही चेनमधून जाणारे लहान कुलूप घरूनच न्यावे. दुसरे काम भरतीची वेळ पाहण्याचे. मुंबईत पाणी तुंबते ते फक्त पाऊस जास्त झाला म्हणून नाही. जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने, आणि तेही ओहोटी असेल असे धरून बांधली होती. ब्रिमस्टोवॅड या १९९३ च्या अहवालाने ही क्षमता दुप्पट करायला सांगितले. समुद्राला भरती असली की पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशा ठिकाणी पंप लावून पाणी समुद्रात फेकावे लागते. साडेचार मीटरहून उंच भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की हिंदमाता, शीव, किंग्ज सर्कल, मिलन सबवे ही नावे बातम्यांत येतात. महापालिका भरतीचे तक्ते आधीच प्रसिद्ध करते. ते पाहून दिवसाची आखणी केली तर पावसाचा अर्धा त्रास वाचतो: भरतीच्या तासांत दक्षिण मुंबईत छताखाली, ओहोटीच्या तासांत लोकलने दूर.

एकाच शहरात पाऊस किती वेगळा पडू शकतो याचे सर्वांत भीषण उदाहरण २६ जुलै २००५ चे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३. वर्ध्याला जवळजवळ वर्षभरात पडतो तेवढा पाऊस उपनगरात एका दिवसात पडला. त्या दिवसाने मुंबईकरांच्या मनात बसवलेली भीती अजून गेलेली नाही, आणि बाहेरून आलेल्याने तिला हसू नये. स्थानिक माणूस ‘आज लवकर निघा’ म्हणाला की निघावे. तुंबलेल्या पाण्यातून चालायची वेळ आलीच आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिसपासून बचावाची गोळी महापालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांना विचारून घ्यावी. पहिल्या दोन-तीन दिवसांतच तिचा उपयोग असतो.

पावसात पायी हिंडायला फोर्टइतकी चांगली जागा मुंबईत दुसरी नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हुतात्मा चौकापर्यंत दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कडेने कमानींखालून जाणारे पदपथ आहेत. वर इमारत, खाली माणसे, आणि पाऊस कमानीच्या बाहेर. टर्मिनसची वास्तू १८८८ च्या सुमारास पूर्ण झाली आणि २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिच्या बाहेरच्या अंगावर कोरलेले प्राणी पाहायचे तर पावसातच पाहावेत, पन्हाळीतून पाणी वाहू लागले की दगड काळाभोर होतो आणि नक्षी उठून दिसते. पुढे काळा घोड्याजवळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर कलादालन ही झडीचा दिवस काढायची दोन उत्तम ठिकाणे. मरीन ड्राइव्हवर भरतीच्या वेळी कठड्यावर बसू नये. लाटेबरोबर दगडही वर येतात.

पण पावसाळ्यात मुंबईतले एकच ठिकाण पाहायचे असेल तर ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी. काळ्या बेसाल्टच्या टेकडीत शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या आगेमागे सुरू झालेले हे काम सुमारे हजार वर्षे चालू होते. कोरड्या दिवसांत आलेला पाहुणा चैत्यगृह आणि मूर्ती पाहून परततो. पाऊस चालू असताना मात्र या डोंगराचा खरा आराखडा दिसतो. लेण्यांच्या माथ्यावर कातळात पन्हळी कोरल्या आहेत. उतारावरून येणारे पाणी त्या अडवतात आणि दाराशी असलेल्या पोढीत, म्हणजे कातळात कोरलेल्या टाक्यात, सोडतात. एक पोढी भरली की पाणी पुढच्या पन्हळीत जाते. भिक्षूंनी पावसाचे तीन महिने एका जागी राहायचे, हा वर्षावासाचा नियम. आणि तोच पाऊस साठवून उरलेल्या वर्षात प्यायचा, ही त्या नियमाची दगडातली व्यवस्था. एका लेण्याच्या ओसरीत बसून समोरच्या पन्हळीतून पोढीत पडणारी धार पाहावी. इतक्या शतकांनंतरही तिचा उतार बरोबर आहे.

वर्षावास विदर्भाला परका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर गावोगावच्या विहारांत आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होऊ लागले. पावसाळ्यातल्या थायलंडला हा धागा थेट नेऊन पोहोचवतो. तिथेही आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खाओ फान्सा, म्हणजे वर्षावासाचा आरंभ होतो आणि भिक्षू तीन महिने एकाच विहारात राहतात. समुद्रकिनाऱ्यांसाठी जाणारे प्रवासी हा काळ टाळतात, दर उतरतात, गर्दी ओसरते. विदर्भातल्या सॅकवाल्या प्रवाशासाठी थायलंडचा खरा हंगाम हाच.

वर्धा हावडा मार्गावरही असल्याने बँकॉकला जायला मुंबईऐवजी कोलकाताही धरता येते. तिथून विमानाचा प्रवास साधारण अडीच तासांचा. पासपोर्टसाठी विभागीय कार्यालय नागपूरला आहे. भारतीयांना २०२३ च्या नोव्हेंबरपासून थायलंडने व्हिसाशिवाय प्रवेश खुला केला, पण मुदत आणि अटी पुढेही बदलत राहिल्या, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवसाचा नियम पाहूनच घ्यावा. २०२५ च्या मेपासून पोहोचण्यापूर्वी ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते. घड्याळ दीड तास पुढे करावे लागते.

बँकॉकहून उत्तरेला चियांग माईला जाणारी रात्रीची गाडी ही या प्रवासाची गाभ्याची गोष्ट आहे. लोहमार्गाने अंतर ७५१ किलोमीटर, म्हणजे वर्धा–मुंबई इतकेच. वेळही जवळपास तेवढाच, संध्याकाळी निघून सकाळी पोहोचायचे. तेव्हा विदर्भ एक्सप्रेसने जाणाऱ्याला या रात्रीचा अंदाज अंगात मुरलेला असतो. फरक तपशिलात आहेत. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या २०२३ च्या जानेवारीपासून १९१६ च्या हुआ लाम्फोंग स्थानकाऐवजी क्रुंग थेप अफिवत या नव्या अवाढव्य स्थानकातून सुटतात. रूळ एक मीटर रुंदीचे, आपल्या ब्रॉडगेजहून बरेच अरुंद, त्यामुळे डबाही अरुंद आणि हेलकावा जास्त. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात दोन्ही बाजूंना आपल्या साइड बर्थसारखे, रुळांच्या दिशेने लांब बर्थ असतात आणि मधून वाट. रात्री परिचारक येतो, समोरासमोरच्या दोन बैठका ओढून सपाट करतो, वरचा बर्थ किल्लीने खाली उतरवतो, चादर घालतो, पडदा लावतो. एक बर्थ तयार करायला त्याला दोन-तीन मिनिटेही लागत नाहीत, आणि हे काम पाहत उभे राहण्यासारखे आहे. इथे खालचा बर्थ रुंद आणि थोडा महाग. खिडकी बंद काचेची असल्याने पावसाची भीती नाही, म्हणून तोच घ्यावा. वातानुकूलन फार गार असते. पन्नीतला सुती जोड आणि एक चादर इथे कामी येते. गाडीत दारू प्यायला २०१४ पासून बंदी आहे, आणि रात्र शांत जाते. शाकाहारी माणसाने ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असला की माशाच्या सॉसशिवाय अन्न मिळते.

पहाटे लाम्पांगनंतर गाडी डोंगरांतून जाते. खुन तान हा १,३५२ मीटर लांबीचा बोगदा १९०७ ते १९१८ या काळात जर्मन अभियंता एमिल आयझेनहोफर यांच्या देखरेखीखाली खणला गेला. पहिल्या महायुद्धात सयाम जर्मनीविरुद्ध उतरल्यावर जर्मनांना देश सोडावा लागला, तरी बोगदा पूर्ण झाला. बोगद्यापलीकडचे खुन तान स्थानक ५७८ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण इगतपुरीइतकेच. घाट मात्र सह्याद्रीसारखा कडा तुटलेला नाही. साग, बांबू आणि धुके असा हा मुलूख बोरच्या जंगलात वावरलेल्याला ओळखीचा वाटतो.

चियांग माई हे १२९६ साली मंगराय राजाने वसवलेले शहर. जुने शहर चौकोनी, प्रत्येक बाजू सुमारे दीड किलोमीटर, भोवती पाण्याने भरलेला खंदक. वर्षाला अकराशे-बाराशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे वर्ध्याहून थोडाच जास्त, आणि तोही बहुधा दुपारनंतर येतो, तास-दोन तास कोसळतो आणि थांबतो. मुंबईची झड इथे क्वचित. त्यामुळे दिवसाची आखणी सोपी होते. सकाळी था फे दरवाजापासून पायी जुन्या शहरात, दुपारी पाऊस आला की वाट चेदी लुआंग किंवा वाट फ्रा सिंग या विहारांच्या मंडपात, संध्याकाळी पुन्हा रस्त्यावर. दोई सुथेपच्या टेकडीवरचे विहार पाहायला लाल रंगाच्या सामायिक गाड्या जातात. काळीपिवळीत बसणाऱ्याला त्यांचा भरल्याशिवाय न सुटण्याचा नियम समजवावा लागत नाही. वर्षावासाच्या दिवसांत विहारात संध्याकाळचे पठण चालू असते. पाली गाथा उच्चार वेगळे असले तरी ओळखू येतात, आणि विदर्भातून गेलेला माणूस मागच्या रांगेत बसून ‘बुद्धं सरणं गच्छामि’ त्यांच्याबरोबर म्हणू शकतो. यासाठी एवढे लांब जाणे सार्थ आहे.

मुंबईत जशी भरती, तशी इथे पिंग नदी पाहायची. ती जुन्या शहराच्या पूर्वेकडून वाहते, आणि तिची पातळी नवरत पुलाजवळच्या पी-१ या केंद्रावर मोजली जाते. ३.७० मीटरला काठालगतच्या भागात पाणी शिरू लागते. त्यापुढे कोणत्या पातळीला कोणता भाग बुडेल याचे नकाशे तयार आहेत, त्यामुळे मुक्कामाची जागा कोणत्या पट्ट्यात आहे हे आधी पाहून घेता येते. २०२४ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला ही पातळी ५.३० मीटरवर गेली, आजवरच्या नोंदींतली सर्वांत जास्त, आणि बाजारपेठेचा मोठा भाग पाण्याखाली आला. सप्टेंबर संपताना तिथे असलेल्याने नदीपासून दूर, खंदकाच्या पश्चिमेकडे राहावे, रोज सकाळी पी-१ चा आकडा पाहावा, आणि बँकॉकला परतणारी रात्रीची गाडी व भारताकडचे विमान यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा.